नेदरमधील रस्ता केवळ टॉर्चच्या भरवशावर नको

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘माइनक्राफ्ट’ या खेळाविषयी मुलांसाठी आलेला लेख वाचला. लांबच्या प्रवासासाठी नेदरमधून, म्हणजे खेळातल्या पाताळासारख्या दुसऱ्या जगातून, रस्ता काढावा, हा त्यातील सल्ला रास्त आहे. तेथे एक ब्लॉक (खेळातले जग ज्या ठोकळ्यांचे बनते, त्यातला एक) चालले की वरच्या, म्हणजे खेळातल्या नेहमीच्या जगातले आठ ब्लॉकांचे अंतर कापून होते. मात्र ‘ठिकठिकाणी टॉर्च लावले की रस्ता सुरक्षित झाला’ हे विधान वरच्या जगापुरतेच खरे आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या १.१८ या आवृत्तीपासून तेथे झोंबी आणि सांगाडे हे हल्ला करणारे प्राणी पूर्ण अंधारातच उपजतात, त्यामुळे मोजक्या टॉर्चवरही भागते. नेदरमध्ये तसे नाही. गास्ट या उडत्या, अग्निगोळे फेकणाऱ्या प्राण्याला उजेडाचे वावडे नाही, आणि झोंबी पिगलिन हे डुकरासारखे प्राणी टॉर्चपासून थोड्याच अंतरावर खुशाल उपजतात. अरुंद वाटेवर या पिगलिनांपैकी एकाला चुकून घाव बसला तर आसपासचे सगळे अंगावर धावून येतात.

खात्रीचा उपाय म्हणजे रस्त्याची जमीनच अर्ध्या उंचीच्या स्लॅबची करणे, कारण ब्लॉकच्या खालच्या अर्ध्या भागात बसवलेल्या स्लॅबवर हे प्राणी उपजत नाहीत. कॉबलस्टोनच्या, म्हणजे ओबडधोबड दगडाच्या, तीन ब्लॉकांचे सहा स्लॅब होतात, म्हणजे दगडही निम्माच लागतो. लेखासोबतच्या चित्रात लाव्हाच्या समुद्रावरचा उघडा पूल नेदररॅकचा, म्हणजे नेदरमधल्या ठिसूळ लाल दगडाचा, दाखवला आहे, तो मात्र कोणी बांधू नये. गास्टच्या एका अग्निगोळ्याने नेदररॅकला भगदाड पडते, कॉबलस्टोन तेवढ्याने फुटत नाही. आणि पुलावरून खाली गेलेल्याचे बहुतेक सामान लाव्हात जळून जाते. मुलांच्या रडारडीचे कारण बहुधा हेच असते, हे घरोघरचे पालक सांगतील. भिंती आणि छत घालून बोगदा केला तर गास्टचा प्रश्नच उरत नाही. वेळ अधिक जातो, हे खरे.

दुसऱ्या टोकाचे पोर्टल, म्हणजे दोन जगांमध्ये ये-जा करण्याचे दार, खेळाने आपोआप बनवावे, असेही लेखात सुचवले आहे. तसे बनलेले पोर्टल कधी कड्याच्या टोकाशी उभे राहते, तर कधी जवळच्या जुन्या पोर्टलशीच जोडणी होऊन माणूस भलतीकडे बाहेर पडतो. वरच्या जगातले पोर्टल एक्स ८००, झेड उणे १६०० (खेळात ठिकाण सांगणारे आडवे आकडे) येथे असेल, तर नेदरमधले त्यांना आठाने भागून १०० आणि उणे २०० येथे स्वतः बांधावे. उंचीला मात्र आठाने भागायचे नसते. एवढी आकडेमोड लेखात चौकट करून दिली असती, तर मुलांना तिचा उपयोग झाला असता.

– एक पालक, सातारा