तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई 'बघू गं' म्हणाली असती आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता, म्हणून लिहून पाठवतेय. एप्रिलच्या सुरुवातीची तुमची दोघांची तिकिटं काढली आहेत. मुंबईहून. पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. केवढ्याला पडली ते विचारू नका. मला इथे खर्च तो काय? भाडं जातं, किराणा येतो, बाकीचं तसंच पडून असतं. दादालाही सांगितलंय, घराच्या किल्ल्या तो ठेवून घेईल. त्यामुळे 'तुळशीला पाणी कोण घालणार' हा मुद्दा निकालात निघाला.

बाबा, तुमचं पहिलं वाक्य काय असेल ते मला ठाऊक आहे: हे गुडघे घेऊन मी कुठे हिंडू? म्हणूनच मी शनिवारी देजॉनहून आगगाडीने सुवॉनला गेले. तुम्हाला कोरियात आणायचं आणि किल्ला दाखवायचा नाही, हे होणं शक्य नव्हतं. पण आधी स्वतः पायी फिरून बघावं, कुठे पायऱ्या आहेत, कुठे बसायला बाक आहे, कुठे स्वच्छतागृह आहे. लोक फोटो काढत होते आणि मी पायऱ्यांची उंची बघत होते.

किल्ल्याचं नाव ह्वासाँग. तट साधारण ५.७ किलोमीटरचा आहे आणि आतबाहेर सगळं शहर वसलंय. पण रायगडाशी तुलना करू नका, तसा कडा वगैरे नाही. पश्चिमेला पाल्दाल नावाची एक टेकडी आहे, तेवढीच काय ती चढण. तिच्या माथ्यावर सॉजांगदे म्हणून सेनापतीची जागा आहे, तिथून सगळं सुवॉन दिसतं. दक्षिणेच्या पाल्दालमुन दरवाजाकडून तिथे जायच्या पायऱ्या मात्र सरळ अंगावर येतात. त्या बाजूने आपण जायचं नाही. तुम्ही म्हणाल, हळूहळू जाऊ. नाही. मी तुम्हाला ओळखते. 'हळूहळू' म्हणत पन्हाळ्यावर काय झालं ते आई अजून विसरलेली नाही.

आपण उत्तरेच्या जांगआनमुन दरवाजापासून सुरुवात करू आणि पूर्वेकडे चालू. तो भाग सोपा आहे. तटाच्या कडेने वाट आहे, थोडं चालून बसता येतं. पहिल्यांदा ह्वाहोंगमुन लागतो: नदीवरचा दरवाजा, खाली सात कमानी, त्यातून पाणी वाहतं आणि वर लाकडी मंडप. त्याच्या शेजारीच उंचवट्यावर एक सुंदर बैठक आहे, तिचं नाव आईला पाठ होईपर्यंत परतीचं विमान निघून जाईल. खाली छोटं तळं आहे. सुवॉनची माणसं तिथे चटया टाकून डबे उघडून बसतात. आई, आपणही बसू. दशम्या तू आणशील हे मी गृहीत धरलंय. लोणचं मात्र नीट बांधून, चेक-इनच्या बॅगेत.

आता बाबा, तुमच्या खात्यातली गोष्ट. हा किल्ला १७९४ ते १७९६ या काळात बांधला, आणि बांधून झाल्यावर त्याचा सगळा हिशेब पुस्तकरूपाने १८०१ साली छापला. कुठल्या इमारतीला किती दगड, किती विटा, किती लाकूड, कोणत्या गवंड्याने आणि सुताराने किती दिवस काम केलं, त्याला किती मजुरी दिली, सगळं नावानिशी. यंत्रांची चित्रंही त्यात आहेत. जाँग याक-योंग नावाच्या विद्वानाने कप्प्यांचं एक यंत्र तयार केलं होतं, त्याने थोड्या माणसांत जड दगड उचलता येई. त्याची प्रतिकृती तिथल्या संग्रहालयात आहे, तुम्ही त्यासमोर तासभर उभे राहणार आणि आम्ही दोघी बाहेर चहा शोधणार. कोरियन युद्धात किल्ल्याचं बरंच नुकसान झालं, जांगआनमुन तर पडलाच. १९७० च्या दशकात डागडुजी केली तेव्हा हेच पुस्तक समोर होतं, म्हणून जिथे जे होतं ते तसंच उभं करता आलं. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतला. तुम्ही आयुष्यभर मोजमाप पुस्तकं लिहिलीत आणि आईने रात्री दहाला ताटं वाढली. दोनशे वर्षांनी त्या कागदांचं असंही काही होऊ शकतं, एवढंच आईला सांगायचंय.

किल्ला बांधला तो राजा जाँगजो. त्याची गोष्ट वाईट आहे. आई, तू रात्री वाचू नकोस. त्याच्या वडिलांना, युवराज सादोंना, त्यांच्याच वडिलांनी १७६२ मध्ये तांदूळ ठेवायच्या पेटीत कोंडलं आणि ते आतच गेले. जाँगजो तेव्हा लहान होता. पुढे राजा झाल्यावर त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळ चांगल्या जागी हलवली आणि मग हे नवं शहर आणि तट उभा केला. समाधीच्या दर्शनाला तो पुन्हा पुन्हा यायचा. परत जाताना शहराच्या उत्तरेला जीजीदे नावाची एक खिंड लागते. ती ओलांडली की समाधीचा डोंगर दिसेनासा होतो, म्हणून तिथे तो मागे वळून वळून बघायचा आणि सगळी स्वारी रेंगाळायची. तिथे आता शिलालेख आहे. मला विमानतळावरच्या त्या काचेच्या दाराची आठवण झाली, जिथून बाबा हात हलवत नाहीत, फक्त उभे राहतात. असो.

१७९५ मध्ये त्याच्या आईला साठ वर्षं झाली. तेव्हा त्याने तिला राजधानीहून सुवॉनला आणलं. आठ दिवसांचा दौरा, हजारो माणसं, हान नदीवर नावा जोडून पूल केला होता. किल्ल्याच्या आत त्याचा जो वाडा आहे त्यात तिच्या साठीची मेजवानी झाली, आणि गावातल्या म्हाताऱ्या मंडळींनाही बोलावून जेवायला घातलं. त्या मिरवणुकीची चित्रं आहेत. मातोश्रींची पालखी आहे, पण राजा कुठेच दिसत नाही. राजाला चित्रात काढायची रीत नव्हती, त्याचा घोडा नुसताच चालताना दाखवलाय.

आई, तुझी साठी माझ्या त्या प्रबंधाच्या महिन्यात आली. तू म्हणालीस, 'मेलं कसलं कौतुक, साधी पूजा तर आहे.' दादाने लावलेल्या व्हिडिओवर मी सगळं बघितलं. वहिनीने तुला ती जांभळी पैठणी नेसवली होती आणि तू सारखी मोबाइलच्या चुकीच्या बाजूला बघत होतीस. हे तिकीट त्याची भरपाई आहे असं समजू नकोस. पण थोडंसं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मी कधीची पुढे ढकलतेय. माझी फेलोशिप दोन वर्षांनी वाढली आहे आणि मी हो म्हटलंय. म्हणजे डिसेंबरमध्ये कायमची येणार होते ते आता होणार नाही. विचार करून घेतलंय. काम अर्ध्यावर आहे, आत्ता सोडलं तर दुसऱ्याच्या नावावर जाईल. पुण्यात परत येऊन याच विषयाची प्रयोगशाळा मिळेलच असंही नाही. आणि दोनच वर्षं आहेत. 'दोनच' असं मी मागच्या वेळीही म्हटलं होतं हे बाबा बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील. तब्येतीची काळजी करू नका. खोलीत जमिनीखालून उष्णता असते, त्यामुळे पाय गार पडत नाहीत. बाबांच्या गुडघ्यांना तर त्या जमिनीवर पडून राहणंच औषध होईल. तूरडाळ मिळते, कुकर आहे, शिट्ट्या शेजाऱ्यांना आता सवयीच्या झाल्या आहेत.

जेवणाचं: सुवॉन गोमांसाच्या भाजलेल्या बरगड्यांसाठी आणि तळलेल्या कोंबडीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे आपल्या कामाचं काही नाही. बिनमांसाची भाजी दिसली तरी तिच्यात मासळीचा अर्क असू शकतो, किमचीतही असतो. पण मी सगळं विचारून ठेवते. वाटलेल्या मुगाचं एक धिरडं मिळतं, आपल्यासारखंच, फक्त जाड. त्यात मांस नको हे मी बोलून घेईन. एकादशीला फळं भरपूर आहेत. भात चिकट असतो, बाबांना आवडेल, आईला नाही.

आता बाबा, रागावू नका. काठी आणायची. इथल्या तटावर तुमच्यापेक्षा मोठी माणसं टोपी, हातमोजे घालून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन टकाटक चालत असतात. काठी नसलेला म्हातारा इथे वेगळा दिसतो. लहानपणी रायगडावर शेवटच्या पायऱ्या तुम्ही मला खांद्यावर घेऊन चढला होतात आणि वर गेल्यावर म्हणालात की पोरगी स्वतः चढली. मीही घरी सगळ्यांना सांगेन की बाबा काठीशिवाय फिरले. पक्कं.

पूर्वेच्या तटावर एक विटांचा बुरूज आहे, त्यावर पाच धुराडी. रोज एकातून धूर काढायचे, त्याचा अर्थ सगळं ठीक आहे. शत्रू दिसला की दोन, आणि लढाई लागली की पाचही. आई, तुझा सकाळचा फुलांचा मेसेज म्हणजे मी तोच एक धूर धरते. गेल्या महिन्यात दोन दिवस आला नाही, आणि दादाकडून कळलं की बाबांचं बीपी वाढलं होतं. पुढच्या वेळी दोन धूर सोडायचे. लगेच. मी इथे बसून काही करू शकणार नाही, हे कारण चालणार नाही.

टेकडीवर एक मोठी घंटा आहे, तिकीट काढून वाजवता येते. पहिला टोला आई-वडिलांसाठी, दुसरा घरच्यांच्या आरोग्यासाठी, तिसरा स्वतःसाठी असं म्हणतात. मी वाजवली नाही. एकटीने काय वाजवायची.

कामं लिहून देते. बाबा, पासपोर्टची मुदत बघा. सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर लगेच अर्ज. व्हिसासाठी पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकराचे कागद एका फाइलमध्ये लावा, माझं निमंत्रणपत्र मी कुरिअर करतेय. आई, साखर आणि ईसीजी दोन्ही याच महिन्यात, 'मला काही होत नाही' न म्हणता. गोळ्या महिनाभराच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. गुडघ्याचे व्यायाम रोज, दादा व्हिडिओ पाठवेल. स्वेटर दोन, एप्रिलमध्येही सकाळी चांगलं गार असतं. आणि विमानात नऊवारी नको, आई, पंजाबी ड्रेस घाल. पैठणी आण. वाड्याच्या अंगणात घालशील.

रविवारी फोन करते. तोपर्यंत दोघांनी एकमेकांशी भांडून घ्या, माझ्याशी नको.

तुमची,
बेबी