सरांनी मागे काय ठेवले? : काकूंना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सरांच्या उत्तरकार्याला जमलेल्या पाहुण्यांमध्ये “जन्मभर नोकरी करून मास्तरांनी मागे काय ठेवले?” हा प्रश्न दबक्या आवाजात फिरत होता आणि तो तुमच्याही कानावर गेला असणार. दोन खोल्यांचे घर, पेन्शन आणि पुस्तकांचे एक कपाट, एवढ्यावर तो हिशेब संपत होता. त्यात आम्हा विद्यार्थ्यांचे खाते कोणी धरलेच नव्हते, म्हणून हे आभाराचे पत्र तुम्हाला, पण चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

गावाहून एसटीने येणारा भाकरीचा डबा हाच तालुक्याला शिकणाऱ्या आम्हा पोरांचा आधार होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी पलीकडेच अडकायची आणि ऑइलपेंटने नाव घातलेला तो डबा काही स्टँडवर पोहोचायचा नाही. अशा दिवशी सर मला घरी घेऊन येत आणि तुम्ही ताट वाढण्याआधी हमखास काहीतरी काम सांगत : गिरणीतून दळण आण, शेंगा फोडून दे, नाहीतर चाचणीचे पेपर हजेरी क्रमांकाने लाव. घरातले दळण आधीच येऊन पडलेले असले, तरी डबा चुकलेल्या पोरासाठी तुम्ही थोडी ज्वारी मुद्दाम बाजूला काढून ठेवत होता, हे तुमच्या थोरलीने परवा हसत हसत सांगितले. आम्ही काम करून जेवलो असे आम्हाला वाटावे, उपकाराने मान खाली जाऊ नये, याची ती तजवीज होती. जेऊ घालणारे पुष्कळ भेटतात. इतक्या जपणुकीने जेऊ घालणारे मला दुसरे कोणी भेटलेले नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले, हे सर तासाला सांगत. पण त्यांचा आवाज कापरा व्हायचा तो कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव आल्यावर. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ही गोष्ट आता भाषणांतून इतक्या सरावाने सांगितली जाते की टाळ्या मंगळसूत्रालाच पडतात. मला मात्र निरनिराळ्या जातींच्या लेकरांना, त्या काळात, एका पंगतीला बसवून पोटच्या मुलांसारखे वाढवणे हे सोने देण्याहूनही अवघड वाटते. ते दागिने पुढे कोणाच्या घरी गेले कोण जाणे. त्या पंगतीतली मुले मात्र शिकली, त्यांतली कितीतरी गावोगाव मास्तर झाली, तशाच एका मास्तरांच्या हाताखाली सर शिकले आणि सरांच्या हाताखाली आम्ही.

बँकेत कर्जखाती सांभाळताना वारसनोंदीवरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडे पाहीनासे झालेले मी नेहमी पाहतो. तुमच्या तिन्ही मुलांनी मात्र सरांच्या पश्चात ते घर तुमच्या एकटीच्या नावावर राहावे म्हणून हक्कसोडपत्रावर बिनबोभाट सह्या केल्या, आणि त्यासाठी थोरली तर रजा टाकून नागपूरहून आली. मागे काय ठेवले हे विचारणाऱ्या पाहुण्यांनी तो नोंदवलेला कागद एकदा वाचावा, असे मला फार वाटते.

काकू, तुमचे उपकार फेडण्याची भाषा मी करणार नाही. तुम्हाला ती आवडणारही नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा जण मुलाबाळांसह तुमच्याकडे येत आहोत. घराची कौले चाळायची आहेत असे कळले, शिवाय सरांच्या पुस्तकांची यादीही करायची राहिली आहे. ही कामे तोवर दुसऱ्या कोणाला सांगू नयेत आणि ती होईपर्यंत आम्हाला जेवायला वाढू नये, ही विनंती.

आपला विद्यार्थी