बागेच्या नळाला नुसता एनआरव्ही पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला गच्चीवरच्या बागेचा लेख वाचला. माती, कुंड्या, ऊन, टायमर, सगळे नीट आले आहे. एका सल्ल्याला मात्र हरकत घ्यावीशी वाटते. ठिबकची नळी थेट नळाला जोडा, मधे एक एनआरव्ही (बागेतले पाणी उलटे लाइनमध्ये येऊ नये म्हणून लावायची एकेरी झडप) टाका, झाले, असे त्यात म्हटले आहे. बंगले आणि रो-हाउसमध्ये ठिबक बसवून देणे हा माझा धंदा आहे. हाच सल्ला मी दुकानदाराकडून, प्लंबरकडून आणि गिऱ्हाइकांकडून सतत ऐकतो, म्हणून लिहितो आहे.

पाणी यायच्या वेळी नळ आधी फुरफुरतो, हे पुणेकरांना सांगायला नको. ती हवा लाइनमध्ये शिरली कुठून? पुरवठा बंद झाला की लाइनमधले पाणी उताराकडच्या घरांत निघून जाते, मागे पोकळी राहते आणि ज्याचा नळ उघडा राहिला त्याच्या नळातून हवा आत ओढली जाते. त्या नळाला रबरी नळी लावलेली असेल आणि नळीचे तोंड शेणाच्या स्लरीत बुडलेले असेल, तर हवेच्या जागी स्लरी जाते. शेजारी कोणी लाइनला थेट मोटर लावली असेल तर बघायलाच नको. परदेशी माहितीपत्रकांत हा प्रकार अपघात म्हणून सांगतात: रस्त्यात पाइप फुटला, अग्निशामक दलाने एकदम पाणी उपसले, वगैरे. आपल्याकडे तो वेळापत्रकाने होतो, आणि पाणीबंदीच्या गुरुवारी हमखास.

खत द्यायला व्हेंच्युरी (वाहत्या पाण्याच्या ओढीने खत खेचून घेणारा जोड) लावली असेल तर धोका आणखी जवळचा. तिची बारीक नळी जीवामृताच्या किंवा 19:19:19 या विरघळणाऱ्या खताच्या बादलीत बुडालेली असते आणि खेचणे हेच तिचे काम. लाइन उलटी ओढू लागली की बादलीतला माल बागेऐवजी स्वयंपाकघराकडे निघतो. नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे असे भारतीय मानक (आयएस 10500) सांगते. ते प्रमाण स्वच्छ पाणी स्वच्छ राहावे म्हणून आहे, शेणाशी झुंजण्यासाठी नव्हे.

आता एनआरव्ही. आत एक झडप किंवा स्प्रिंग, एवढाच जीव. वाळूचा कण किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा बसायच्या जागी अडकला की झडप अर्धवट उघडी राहते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पंपापुढे पाण्याचा स्तंभ धरून ठेवायला तो उत्तम आहे, पिण्याचे पाणी राखायला नाही. दोन झडपा एकामागे एक आणि तपासणीसाठी छोटे कॉक असलेला डबल चेक त्याहून बरा. बागेत साधे पाणीच जाणार असेल तर तो चालतो. खत किंवा औषध जाणार असेल तर तोही नको.

व्हॅक्यूम ब्रेकर वेगळ्या तऱ्हेने काम करतो. दाब गेला की तो बाहेरची हवा आत घेतो आणि ओढ तिथेच तुटते. साधा प्रकार सर्वांत उंच ड्रिपरच्या किमान 6 इंच वर बसवावा लागतो, त्याच्या पुढे कुठलाही कॉक किंवा टायमर चालत नाही, आणि सलग 12 तासांपेक्षा जास्त तो दाबाखाली ठेवायचा नाही. दाबाखाली चालणाऱ्या प्रकाराला 12 इंच उंची लागते, पण पुढे कॉक चालतो. टांगत्या कुंड्या नळाच्या डोक्यावर असल्या की दोन्ही प्रकारांची उंची चुकते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक गच्च्यांवर कुंड्या टांगलेल्याच असतात. शिवाय पुढे पंप असेल आणि तो पाणी मागे ढकलत असेल, तर हे दोन्ही निरुपयोगी.

राहता राहिला आरपीझेड, म्हणजे रिड्यूस्ड प्रेशर झोन उपकरण. दोन झडपांच्या मधे दाब कमी ठेवलेला कप्पा, आणि गडबड झाली की तो कप्प्यातले पाणी बाहेर टाकून देतो. खतासाठी खरा तोच. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत लॉनच्या स्प्रिंकलरवर बसवलेल्या अशा उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. तिकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींना ती नोटीस ओळखीची असेल. पण त्यातून जाताना साधारण पाऊण किलो दाब खर्च होतो, म्हणजे सात-आठ मीटर उंचीचे पाणी. आपली टाकी बागेच्या दोन-तीन मीटर वर. पाणी पुढे सरकणारच नाही. ऑनलाइन मागवून बसवलेला असा एक पितळी दागिना मी स्वतः काढून ठेवला आहे.

म्हणून माझे मत: ज्या घरात खत पाण्यातून जाते, तिथे बागेची टाकी वेगळी हवी. दोनशे लिटरचा ड्रमही चालेल. नळाचे पाणी त्यात वरून पडावे, आणि नळाचे तोंड ड्रमच्या काठाच्या वर पाइपच्या व्यासाच्या दुप्पट, पण 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतके असावे. मधे नुसती हवा. पुढे छोटा पंप, फिल्टर, व्हेंच्युरी, काय हवे ते लावा. ना झडप अडकायची भीती, ना दाबाचे गणित. यातही प्लंबर एक खोडी करतात: पाणी पडण्याचा आवाज नको म्हणून नळाला पाइप जोडून तो थेट तळापर्यंत नेतात. त्याने सगळा हेतूच जातो. तो पाइप आधी कापायला लावा.

फ्लॅटवाल्यांनी आपल्याला काय त्याचे म्हणू नये. गच्चीतला बागेचा नळ आणि खालची स्वयंपाकघरे बऱ्याच इमारतींत एकाच डाउनटेकवर, म्हणजे वरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपवर, असतात. टाकी धुवायला वरचा कॉक बंद केला, खाली कोणी नळ उघडला आणि गच्चीत नळी ड्रममध्ये पडलेली असली, की ड्रममधले पाणी खाली उतरू लागते. त्याला महापालिकेची लाइन लागत नाही.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांवर बरीच चर्चा झाली. त्या साथीचा बागांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण तेव्हाही माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही आपल्या बागेच्या नळाबद्दल विचारले नाही. शिकागोत 1933 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांतल्या अशाच चुकीच्या जोडण्यांमुळे अमीबाच्या आमांशाने शंभराच्या आसपास माणसे गेली, तेव्हा कुठे तिकडे प्लंबिंगकडे बघायची सवय लागली.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 9 मध्ये प्लंबिंगचे नियम आहेत, पण बंगल्याच्या बागेपर्यंत ते कोणी आणत नाही. महापालिकेकडे मागणी एवढीच: नवे मीटर बसवायला माणूस येतोच, तेव्हा त्याने बागेचा नळही बघावा आणि थेट लाइनला व्हेंच्युरी दिसली तर लेखी कळवावे. आपणही पुढच्या पुरवणीत तो सल्ला दुरुस्त करून छापावा, ही विनंती. लेख वाचून या आठवड्यातच कोणी बाजारात गेले असेल.

कळावे,
आपला एक वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे