रावसाहेबांचा पिंजरा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर रावसाहेब, म्हणजे आपला आफ्रिकन ग्रे पोपट, चिपळूणला येतील, तोवर पिंजरा उभा राहायला हवा. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात तो बाजारातला पिंजरा लव्हबर्डचा आहे. आफ्रिकन ग्रे म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत १३ इंच, वजन अर्धा किलोच्या आतबाहेर, आणि चोच बदामाचं कवच फोडणारी. ती बारीक तार तो वाकवेल, वेल्डिंगचे टाके सुटतील आणि सुटलेल्या टोकात बोट अडकेल. त्याच्या मापाचा तयार पिंजरा मिळतो, पण त्या पैशात आपलं एक कपाट येईल. म्हणून सांगाड्यावर पैसे वाचवू. जाळी आणि कडी यांवर मात्र नाही.

सांगाडा माळ्यावर पडलाच आहे. छिद्रांच्या अँगलचे साडेसहा फुटी दोन रॅक, ३ फूट बाय दीड फूट फळ्यांचे. दोन्ही पूर्ण सोडवा. आठांपैकी चार अँगल खांब. उरलेल्या चारांचे ३ फुटांचे आठ तुकडे होतात: चार वरच्या चौकटीला, चार जमिनीपासून ३० इंचांवरच्या खालच्या चौकटीला. रॅक जसेच्या तसे पाठीला पाठ लावू नका. मधल्या खांबांच्या पट्ट्या आत येतात आणि जाळी सपाट बसत नाही. प्रत्येक जोडाला दोन बोल्ट, शिवाय रॅकबरोबर आलेल्या त्रिकोणी पट्ट्या सगळ्या कोपऱ्यांत. नाहीतर सांगाडा झोकांड्या खातो. आतली जागा ३ बाय ३ बाय ४ फूट उंच मिळेल. पंख पूर्ण पसरून फडफडायला ती पुरते.

रॅकचा रंग मात्र जुना आहे. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१७ पासून लागू झाला. हे रॅक त्याच्या कितीतरी आधीचे. जाळी आतून लागणार असली तरी इंचभर चौकोनातून चोच अँगलपर्यंत पोचते. तेव्हा रंग पूर्ण काढायचा, अंगणात, पॉलिश पेपर ओला करून, तोंडाला मास्क लावून. कोरडं घासू नका, ती धूळ तुमच्याच पोटात जाईल. मग खेर्डीच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगची चौकशी करा. ऑइल पेंटचा हात नको.

जाळी स्टेनलेसची, ३०४ ग्रेडची, १ इंच चौकोनाची, १२ गेज जाडीच्या तारेची वेल्डमेश (वेल्डिंगनं जोडलेली जाळी). ४ फूट पन्ह्याची २० फूट लांब घ्या: चार बाजूंना १२ फूट, छत आणि तळाला ३-३, दाराला २. ही वजनावर विकतात. साधारण २५ किलो भरेल. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी पुढे करेल, ती बरीच स्वस्त असते. बाबा, तिथे मोहात पडू नका. पोपट जाळीवर चोचीनं चढतो, दिवसभर ती चाटतो, आणि जीआयवरचं जस्त पोटात साठून त्याला विषबाधा होते: पक्षी मलूल पडतो, पातळ विष्ठा, उलट्या. व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशानं घासली की चालते असं लोक म्हणतात. कोरड्या गावात काही दिवस निभेल, पण आपल्या पावसाळ्यात जस्ताचा पांढरा भुगा परत परत येतो.

जाळी अँगलच्या आतून लावायची, दर ६ इंचांवर एक बोल्ट. एम-६ चे स्टेनलेस बोल्ट सव्वाशे आणि तेवढेच मोठ्या घेराचे वॉशर. बोल्टचं डोकं आणि वॉशर आत, नट बाहेर आणि नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला). साधा नट रावसाहेब दोन दिवसांत फिरवून काढतील. जाळी ग्राइंडरनं टाक्याला चिकटून कापा आणि टोकं कानशीनं घासा. कापल्यावर हाताला टोचली तर त्याच्या पायालाही टोचेल.

दारासाठी पुढच्या जाळीत १२ बाय १८ इंचाचं भोक. दार १६ बाय २२ चं कापून बाहेरून लावलं की चारही बाजूंनी २ इंच जाळीवर चढतं, त्यामुळे वेगळी चौकट लागत नाही. कडी म्हणून मळसूत्राची स्टेनलेस कडी. पितळी कुलूप नको, पितळातही जस्त असतं.

तळाच्या जाळीखाली ५ इंचांवर डावी-उजवीकडे आणखी एकेक अँगल लागेल, तेवढा साडेसहा फुटी एक विकत आणा. त्यावर रॅकच्या दोन फळ्या कायमच्या बसवा. आई, तुला रोज वाकायचं काम नाही: वर्तमानपत्र पुढून ओढायचं, नवं सरकवायचं. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, कारण ओल्या कागदावरची बुरशी या जातीच्या छातीत लवकर बसते. भुईमुगाच्या शेंगाही बरणीत बंद ठेव, आणि वास आला की टाकून दे.

बसायला परसातल्या पेरूच्या फांद्या, तीन, १ ते दीड इंच जाडीच्या, पण तिन्ही वेगवेगळ्या. एकाच जाडीवर सतत बसून तळव्याला फोड येतात. धुऊन चार दिवस कडक उन्हात ठेवा. कुंपणाच्या कण्हेरीला हात लावू नका, ती विषारी आहे. फांदी भिंतीपासून ८ इंच आत घ्या, नाहीतर शेपूट जाळीला घासून कुरतडल्यासारखी दिसते. फांदीखाली वाटी ठेवू नका, पाण्यात शिटतो. फोडायला करवंट्या, कणसाची सालं, पुठ्ठ्याचे खोके रोज काहीतरी द्या. रिकामा बसला की तो स्वतःची पिसं उपटतो. सुतळी लांब सोडू नका, पाय अडकतो.

जागा ओटीवर, एक बाजू भिंतीला. स्वयंपाकघराजवळ अजिबात नाही. आई, नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. तेवढा तवा बाद कर. देवघरात उदबत्ती लाव, पण मधलं दार ओढून घे. मच्छर कॉइल मात्र घरात नकोच. रात्री जुनी सुती चादर तीन बाजूंनी टाकायची, १० तास अंधार.

शेजारी विचारतीलच. आपले रानातले पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे पाळता येत नाहीत. हा परदेशी, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर याची नोंद झालेली आहे. त्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिंजऱ्यामागे खिळ्याला अडकवा.

आणि शेवटचं. हा सांगाडा पुरात उचलता येणार नाही. मांजराचं प्लास्टिकचं कॅरियर मी सोबत पाठवते. त्यात तळाशी एक आडवी फांदी स्क्रूनं बसवा. ते रोज दार उघडं ठेवून ओटीवर असू दे, आत एक शेंग. २०२१ च्या जुलैसारखं वाशिष्ठी नदीचं पाणी चढायला लागलं, की तो स्वतःहून आत शिरला पाहिजे.

तुमची,
मनी