क्रीडामंत्री साहेब, माझ्या बहिणीची साखरेची पुडी मैदानात येऊ द्या

मा. क्रीडामंत्री साहेब, नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातला, शेती बघतो. माझी धाकटी बहीण पंधरा वर्षांची आहे, खो-खो खेळती, आणि नऊ वर्षांची असल्यापासून तिला टाइप वन डायबेटिस आहे. मोठ्या माणसांना होतो तो शुगरचा आजार नाही साहेब हा, यात अंगात इन्सुलिन तयार होणंच बंद होतं, म्हणून रोज चार सुया, स्वतःच्या हातानं.

खो-खोचं वेड आमच्याकडं पहिल्यापासून. सारिका काळे आमच्याच जिल्ह्यातली, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कॅप्टन प्रियंका इंगळे, ती मूळची बीडची. आमच्या भिंतीवर दोघींचे फोटो आहेत. पण माझी हिरो विचाराल तर ती घरातच आहे.

सहाला प्रॅक्टिस, त्याच्या आधी बोट टोचून शुगर बघायची, कमी असली तर काहीतरी खाऊनच निघायचं. फ्रिज नव्हता तेव्हा इन्सुलिन डब्यात घालून माठात ठेवायचो, आमचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. पळता पळता शुगर सत्तरच्या खाली गेली की हात कापतात, डोळ्यापुढं अंधारी येती. मग तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं बसायचं, परत बोट टोचायचं, आकडा वर आला की परत मैदानात. खेळाच्या दिवशी रात्रीपण शुगर पडती म्हणून आई दोनला उठून बघती.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत तिचा पाऊच बाहेर ठेवायला लावला, सुया कशाला म्हणे. साखर माझ्याकडं, मी दोरीच्या बाहेर, आत सोडेनात. तिला खो मिळाला, ती उठली आणि दोन पावलांत खाली पडली. साखर पोचेपर्यंत जो उशीर झाला तो मला अजून आठवतो. वर एक जण म्हणाले, आजारी लेकराला खेळवता कशाला. पडल्याचं तिला काही वाटलं नाही, या बोलण्यावर मात्र ती रात्रभर रडली. सोमवारी प्रॅक्टिसला सगळ्यात आधी तीच हजर.

वसीम अक्रमला १९९७ ला हाच आजार निघाला होता, तरी २००३ च्या वर्ल्ड कपमधे त्यानं वनडेतली ५०० वी विकेट घेतली. म्हणजे खेळता येतं साहेब, फक्त खेळू द्यायला पाहिजे.

तुम्ही एक आदेश काढा, अशा लेकरांना ग्लुकोमीटर, इन्सुलिन पेन आणि साखर मैदानात जवळ ठेवता येईल आणि शुगर पडली तर पंच थांबतील. तालुक्याच्या पंचांना एकदा हे समजावून सांगा, कुणी मुद्दाम करत नाही, माहितीच नसती. आणि अजून एक, इन्सुलिन वाडाच्या, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे, वरच्या लेव्हलला खेळायचं तर टीयूई म्हणजे उपचारासाठीची परवानगी लागती. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, मीच मोबाईलवर शोधलं, फॉर्म सगळा इंग्रजीत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मराठीत सांगणारं एक माणूस पाहिजे, नाहीतर उद्या एखादी पोरगी औषध घेऊन डोपिंगमधे अडकायची.

पावसाळा झाला की स्पर्धा सुरू होतील, त्याच्या आत आदेश निघाला तर बरं होईल. तिनं पाऊच आत्ताच भरून ठेवलाय.

आपला,
एका खो-खो खेळाडूचा भाऊ