बाळूस पत्र

प्रिय बाळू,

तब्येत ठीक. गुडघा जुनाच, त्यात नवीन काही नाही. लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

काल रात्री बंड्याला सावित्री सांगितली. ताई सांगायची तशीच. शंभर पुत्रांच्या वरापाशी यमाची फजिती झाली की तो नेहमी खिदळतो. काल हसला नाही. म्हणाला, "मामा, आईच्या मागे कुणीच का नाही गेलं?"

तेव्हापासून डोक्यात हेच. तू म्हणशील, ती गोष्ट मरण टळण्याची नाहीच, सावित्रीच्या बोलण्याची आहे. असेल. पण आई गेलेल्या पोराला त्यात एवढंच ऐकू येतं की बाकीचे कमी पडले. यम सत्यवानाला चारशे वर्षं देऊन टाकतो रे! आपण तर फक्त उन्हाळ्यापर्यंत मागत होतो.

त्यापेक्षा मेसोपोटेमियाच्या जुन्या महाकाव्यातला राजा गिल्गमेश खरा वाटतो. जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर सहा दिवस, सात रात्री तो त्याला पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. तू हे वाचायला लागलास की ताई उठून आत जायची. पण एवढ्याशा पोराला अळी कशी सांगू?

मग आपलं जुनं भांडण आठवलं. महाभारताच्या द्रोणपर्वातली मृत्यूची कथा. भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीने ती तिथून परिशिष्टात टाकली म्हणून तू किती नाचला होतास! शांतिपर्वात ती ठेवली आहे, हे मात्र अजून कबूल केलेलं नाहीस. आता कर.

ब्रह्मदेव मृत्यूला, त्या तांबड्या-काळ्या वस्त्रातल्या बाईला, निर्माण करतो आणि माणसं मारायला सांगतो. ती रडायला लागते. तो तिचे अश्रू ओंजळीत धरतो. हे काम नको म्हणून ती तपाला बसते, तरी सुटका नाही. शेवटी त्या अश्रूंचेच रोग होतात. सांगणारा शरपंजरी पडलेला भीष्म, ऐकणारा सगळं कुळ गमावलेला युधिष्ठिर.

ही सांगू का त्याला? आईला नेणारीसुद्धा रडत होती, एवढं तरी कळेल. पण रोग म्हणजे तिचे अश्रू, हे ऐकून तो ताईच्या शेवटच्या महिन्यांचं काय करेल? तेवढं गाळलं तर तू म्हणणार, गोष्ट मोडली. मोडली तर मोडली. समोर कोण बसलंय ते बघूनच गोष्ट सांगायची असते. भीष्मच सांगतो, नारदाने ती आधी मुलगा गमावलेल्या राजाला सांगितली होती. माझ्यापुढे आई गमावलेला मुलगा आहे. तरीही तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय धीर होत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार. अश्रूंचं मात्र पत्रातच लिही, फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस.

तुझा,
अण्णा