सूचना: काम सुटलेल्या सभासदांसाठी ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) बेरोजगारी भत्ता

रबाळे-महापे पट्ट्यातल्या सर्व सभासदांसाठी.

ज्यांचं काम सुटलंय आणि पगारातून ईएसआय कापला जात होता, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा अर्ज करावा. येत्या रविवारी सकाळी 10 ते 1 संघटनेच्या कार्यालयात अर्ज भरून दिले जातील.

रोजच्या सरासरी कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस मिळतात. सरासरी 600 रुपये असेल तर एकूण 27,000. लाभ आयुष्यात एकदाच आहे, हे ध्यानात ठेवूनच अर्ज करा.

अटी:
• विमा किमान 2 वर्षांचा हवा.
• काम सुटण्याच्या लगत आधीच्या सहामाहीत (एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च) 78 दिवसांची वर्गणी हवी. त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच.
• काम सुटून 30 दिवस झालेले असावेत.
• गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, निवृत्तांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना मिळत नाही.

आणायचं काय: ईएसआय नंबर, आधार, पासबुक आणि ओटीपीसाठी मोबाईल.

अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. आधारवर ‘संतोष रामचंद्र’ आणि ईएसआयवर नुसतं ‘संतोष आर’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. दुसरी अडचण ठेकेदाराची: पगारातून कापलेली वर्गणी भरलेलीच नसते. ईएसआयच्या पोर्टलवर लॉगिन करून वर्गणीचे महिनावार दिवस आजच पाहा, स्लिपवर विसंबू नका. दिवस कमी दिसले तर पगाराच्या स्लिपा घेऊन या.

अर्ज भरून देण्याचे पैसे घेतले जात नाहीत. बाहेर कुणी मागितले तर देऊ नका.